पहिल्या हुरड्याचा मान

बीबी गावच्या रंगरावांकडे हुरड्याची एक रीत होती. गावातून शेतापर्यंत सायकली पळवायच्या, आणि जो पहिला पोचेल त्याच्या ओंजळीत रंगरावांच्या बायकोने, गीताबाईंनी, पहिला गरम हुरडा घालायचा. महाराष्ट्र राज्य झालं त्या हिवाळ्यापासून हा मान थोरल्या जावयाचा, कडूबाचा. चार वर्षं त्याने तो कोणाला मिळू दिला नव्हता.

यंदा धाकटा जावई आला. नांदुऱ्याचा उकंडराव, लग्नाला सहा महिने झालेले. त्याची सायकल कोरी करकरीत, मडगार्ड असे की त्यांत तोंड पाहावं. आल्या आल्या गीताबाईंनी त्या सायकलीला हळदकुंकू लावलं. कडूबाच्या सायकलीला चार वर्षांत कोणी साधं पाणीही विचारलं नव्हतं. जेवताना उकंडरावाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा पडला. कडूबाच्याही पडला, पण त्याला तो लहान वाटला. तिथून त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि हे दुखणं काही ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

त्यात भर पौषात दोन दिवस पाऊस झाला. काळ्या रानातला चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे बसला की चाक जागचं हलत नाही. कडूबाला हे पक्कं ठाऊक होतं.

"भाऊ, मडगार्ड काढून ठेवू काय?" उकंडरावाने आदल्या संध्याकाळी विचारलं.

"काऊन काढता? धोतराचा सत्यानाश होईन. राहू द्या."

स्वतः मात्र कडूबा सकाळीच रस्ता पाहायला म्हणून निघाला. काळं रान सुरू होतं तिथे, बाभळीपाशी, त्याने पान्याने आपले मडगार्ड काढले, नट रुमालात बांधले आणि सगळं झुडपात दडवलं. घरी येऊन म्हणाला, "खडखडतच होते. पडले कुठी तरी."

शर्यत सुटली. बाभळीपर्यंत उकंडराव पुढे होता. तिथे त्याचं चाक गच्च अडकलं आणि कडूबा बाजूने सुसाट निघाला. मागे वळून पाहिलं तर धाकटे जावई खाली उतरून चाकाशी झटत होते. कडूबाच्या मनात उकळ्या फुटल्या. उघड्या चाकाचा चिखल तोंडावर, पाठीवर, मिशीत उडत होता, पण चाक फिरत होतं. नाल्यात सायकल खांद्यावर घेतली, पलीकडे पुन्हा टांग मारली, आणि शेतावर पहिला तोच पोचला.

गीताबाईंनी भाजलेली कणसं चोळून हुरडा हातात घेतला, तेवढ्यात बांधावरून आरोळी आली. उकंडराव पळत येत होता. अनवाणी, कमरेपर्यंत चिखल, सायकल खांद्यावर, दुसऱ्या हातात आणखी काहीतरी. आणि गडी हसत होता.

"भाऊ, तुमचे मडगार्ड सापडले! चिखल काढाले काडी तोडत होतो, त झुडपात दिसले. चोरीले जातीन म्हनून घेऊन आलो. हे नट बी हायेत."

त्याने रुमालाची पुरचुंडी पुढे धरली. कोपऱ्यात रुख्मिणीने, कडूबाच्या बायकोने, लाल दोऱ्याने काढलेला 'क' होता. वाटेत पडलेल्या मडगार्डचे नट काही स्वतः रुमालात जाऊन गाठ मारून बसत नाहीत. शेकोटीभोवतीच्या पोरासोरांनाही ते कळलं. कडूबाने उकंडरावाच्या तोंडावर टोमणा शोधला. सापडता तर बरं झालं असतं. पण उकंडरावाला नुसती धाप लागली होती.

रुख्मिणीने पुरचुंडी घेतली आणि नवऱ्याकडे न पाहता कमरेला खोचली.

"घ्या जवाईबापू," गीताबाई म्हणाल्या. "पहिले तुमीच आले." रीत ती रीत. हुरडा कडूबाच्या ओंजळीत पडला.

मग त्या उकंडरावाकडे वळल्या. "थांबा बापू, हात केवढे भरले!" तांब्या घेऊन त्यांनी त्याच्या हातांवर पाणी घातलं, पदराने ते पुसले, आणि मगच हुरडा दिला.

कडूबाच्या ओंजळीतला हुरडा चिखलाने काळा होत होता. त्याचेही हात भरलेले होते, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. शर्यत जिंकून तो उभा होता, आणि हेवा त्याला त्या तांब्याभर पाण्याचा वाटत होता.