राघूचा डोळा

आदेशने मोबाईलवर जुनी मालिका लावली, तेव्हा त्याची आई बायजा पदर सावरून बसली होती. मालिकेत तिला काडीचा रस नव्हता. मालिकेच्या आधी कंपनीचं बोधचिन्ह यायचं, त्यात तिच्या नवऱ्याचा ब्रश धरलेला हात होता. केरूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण तो लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा अवघडलेला. माणूस सगळा हातात होता, आणि तो हात दिसायचा फक्त टीव्हीवर.

पडद्यावर दोन हिरव्या रेघा आल्या, एक लाल ठिपका आला, ठण्ण असा आवाज झाला आणि मालिका सुरू झाली.

"ह्यांचा हात कुठं हाय?"

"आये, कंपनीनं लोगो बदललाय. जुन्या मालिकांनाबी नवाच चिकटवला." आदेश डोलवीच्या प्लँटमधून रात्रपाळी करून आला होता, जांभयांवर जांभया देत होता.

"मग मला रोह्याला जायाचंय. पंतांकडं."

मोरोपंत मूळचे रोह्याचे. तरुणपणी मुंबईत जाऊन त्यांनी मालिका काढायची कंपनी थाटली आणि तिचं नाव ठेवलं 'राघू'. बोधचिन्हासाठी शाडूचा राघू हवा होता. तो पेणच्या गणपतीच्या कारखान्याशिवाय दुसरीकडे कुठे होणार? केरू गागोद्याची शेती भावावर टाकून त्या कारखान्यात आला होता. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडे असायची. राघूचा डोळा आखतानाच चित्रीकरण करायचं ठरलं.

आता केरूची एक खोड होती. डोळा आखताना तो नजर हलवायचा नाही. रंग संपला की ब्रश नुसता डावीकडे न्यायचा, आणि तिथे शेजारी बसलेल्या बायजाची काळ्या रंगाची वाटी हजर असायची. दोघांत त्यावर कधी चकार शब्द झाला नव्हता. त्या दिवशी दिग्दर्शकाने केरूजवळ वाटी ठेवून बायजाला बजावून बजावून दाराशी उभं केलं होतं. पण ब्रश डावीकडे गेला आणि बाई राहतेय कसली! हिरव्या बांगड्यांसकट तिचा हात वाटी घेऊन कॅमेऱ्यात शिरला. केरूने रंग घेतला, डोळा आखला.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "पुसा तो डोळा. परत घेऊ."

"आखलेला डोळा आमच्यात पुसत नाय," केरू म्हणाला. "त्याला दिसाया लागलंय आता."

दुसरा राघू घडवून वाळवेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती. मालिका तशीच टीव्हीवर गेली, आणि अख्ख्या आळीने बायजाच्या बांगड्यांवरून तिला भंडावून सोडलं. ती लाजेने अर्धमेली झाली. केरू मात्र मिशीत हसायचा.

दोनेक वर्षांनी कुणा जाहिरातदाराला त्या बांगड्या फारच घरगुती वाटल्या. पंतांनी नव्या मालिकांसाठी चित्र कापून नुसता राघू आणि ब्रशचं टोक ठेवलं. बायजा म्हणाली, "सुटले बाई." केरू त्या रात्री जेवला नाही. मग कॉम्प्युटरवरचा राघू आला, सोनेरी, गरगर फिरणारा. केरूने एकदाच पाहिला आणि म्हणाला, "ह्याचा डोळा मेलाय." त्यानंतर तो टीव्हीकडे पाठ करूनच बसायचा. हिरव्या रेघा त्याने पाहिल्या नाहीत, हे एका अर्थी बरंच झालं.

रोह्याच्या एसटीत बायजाला एकच प्रश्न छळत होता. पंतांकडेही तो हात नसला तर? मग तो कुठेच नव्हता.

पंत आता थकून रोह्याच्या घरी परतले होते. कंपनी त्यांची नात ईरा बघत होती. बायजाने येण्याचं कारण सांगितलं, तशी ईरा उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"आजी, तुम्ही अगदी वेळेवर आलात. पहिली टेप सापडलीय. जुन्या मालिकांना त्यांचं जुनंच बोधचिन्ह परत लावणार आहोत." मग ती हसून म्हणाली, "आणि तुम्हाला लाज वाटायची ना, आजोबांनी सांगितलंय मला. ते मी नीट करून घेतलंय. बघा."

मोठ्या टीव्हीवर राघू आला. मागोमाग केरूचा हात आला. तीच करंगळी बाजूला धरायची ढब, भात कापताना विळा लागलेला तोच वण. किती जिवंत हात होता तो! तिने नकळत आपला हात पुढे केला.

केरूचा ब्रश डावीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. मोकळ्या हवेत तो जरासा थांबला, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखा, आणि परत येऊन त्याने डोळा आखला.

"कॉम्प्युटरवर तुमचा हात पुसून टाकलाय," ईरा कौतुकाने म्हणाली. "कळतसुद्धा नाही ना?"

ईराने पुन्हा लावलं. पुन्हा तो हात रिकाम्या जागी जाऊन थांबला. एवढी वर्षं घरात बायजा एकटी राहिली होती. पण तिच्यावाचून एकटा राहिलेला केरू तिने कधी पाहिला नव्हता. तो आज पाहिला, आणि ते तिला सोसवेना.

"नको गो पोरी," ती कशीबशी म्हणाली. तिचे गाल भिजले होते. "माझा हात घाल परत. हसूंदेत लोकं हसायची तर."

"पण आजी, तुम्हालाच तर..."

"अगो, तो रंग मागतोय. वाटी कोण देल त्याला?"