नडगीवरचा खळगा

भागीरथी कासारीण बांगडी चढवण्याआधी पोरीचा पंजा मुठीत धरून दाबते. हाड लागलं की पोरीच्या आईकडे बघते. 

*

सुरत स्टेशनवर लाल-पिवळे दिवे गरगरणारं वजनाचं यंत्र आहे. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडतं. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्य. योगिताचं भविष्य घरच्यांनी मोठ्याने वाचलं. वजन कोणी वाचलं नाही.

*

मळलेल्या कणकेत अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तसाच राहतो.

*

योगिताला बघून गेलेल्या कामरेजच्या मंडळींचा निरोप : मुलगी गुणाची आहे. पण एकदा छातीचा फोटो काढून घ्या.

*

हळद लागल्यावर नवरीने बाहेरचं औषध, अंगारा, भस्म काही तोंडात घालायचं नाही. योगिताच्या आईच्या, पुष्पाबाईंच्या, माहेरची रीत.

*

रविवारी कापडाचे लूम बंद असत, म्हणून तराजूवाल्या बापूंच्या अंगातला देवही नेमका रविवारीच जागा व्हायचा. सुरतेतल्या नवागाम वस्तीच्या टोकाला, रिकाम्या प्लॉटमधल्या चिंचेच्या फांदीला त्यांनी माणूस बसेल एवढा पितळी तराजू टांगला होता. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात भक्त. गर्दी एवढी, की पोरं भिंतीवर चढून बसायची.

"शरीर म्हणजे मडकं!" बापू ओरडायचे. मराठीत सुरू करायचे, हिंदीत चढायचे आणि गुजरातीत उतरायचे. "नजर लागली की मडक्याला भोक पडतं. मग दूध ओता, तूप ओता, गळून जाणार! डॉक्टर काय सांगतो? आणखी ओता. मी काय करतो? भोक बुजवतो!"

भोक नेमकं कुठे असतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बापूंनी तेही दाखवलं असतं.

त्या रविवारी लूमवर काम करणारा निंबा पारड्यात बसला. दिवाळीत हा माणूस शर्टात शोधावा लागायचा. आता गालांनी डोळे बारीक केले होते. समोरच्या पारड्यात वजनावर वजन चढलं तरी निंबा जमिनीवरून उठेना. गर्दीने जयजयकार केला.

पुष्पाबाई पुढच्याच रांगेत होत्या. लेकीचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"मम्मी, माले काहीच नही जयं व," योगिता कुजबुजली. घरची अहिराणी आणि गल्लीतली गुजराती तिच्या तोंडात एकत्रच नांदायची. "चाल ने घरी."

"काही नही जयं, तर कामरेजवाला नही का म्हणनात?"

 योगिता खरोखर ठणठणीत होती. साड्यांना लेस लावायची गठडी डोक्यावर घेऊन दोन जिने चढायची आणि वर जाऊन धाप न लागता गाणं म्हणायची. तीन भाकऱ्या खायची. तिचा बाप हिलाल तसाच किडकिडीत. पण त्याला लोक काटक म्हणायचे. तीच हाडं लेकीच्या अंगावर आली तेव्हा रोग ठरली. प्लेगच्या पळापळीला दोन वर्षं उलटली होती, तरी बारीक माणूस दिसला की नवागामात लोक त्याच्या खोकल्याची वाट बघत.

बापूंनी योगिताची नाडी धरली, डोळे मिटले, मान हलवली.

"भोक आहे. मोठं आहे. पण माझी मातीही कमी नाही."

आणि राखाडी भस्माची पुडी पुष्पाबाईंच्या पदरात पडली. रोज सकाळी, दुधातून.

*

भस्म लागू पडलं. इथे खोटं लिहून चालणार नाही. खरंच लागू पडलं.

योगिताला भूक लागू लागली, अशी की रात्रीची भाकरी सकाळी उरेना. गाल भरले. मग हनुवटी भरली. चेहरा गोल झाला, चंद्रासारखा. आणि चंद्रासारखा चेहरा हवा असतो म्हणून तो बघून कोणी घाबरलं नाही. शेजारणी दारात उभ्या राहून म्हणू लागल्या, "आता खाल्लेलं अंगी लागतंय हो!" भागीरथीने पंजा दाबला, तिला हाड लागलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने योगिताला सव्वादोनची सोडून अडीचची बांगडी चढवली.

"बघ," ती पुष्पाबाईंना म्हणाली, "आता पोर पोरीसारखी दिसते."

त्या दिवशी पुष्पाबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

कामरेजची मंडळी पुन्हा आली. मुलगा योगराज खाली मान घालून हसला. त्याच्या आईने योगिताच्या गालाला हात लावला आणि छातीच्या फोटोचा विषयही काढला नाही. सुपारी फुटली.

योगिताचं मात्र काहीतरी बिनसत होतं. झोप लागायची नाही. हातपाय तसेच काडीसारखे, फक्त तोंड, पोट, पंजे आणि घोटे फुगलेले. गठडी घेऊन एक जिना चढली की ती कठड्याला टेकायची. गाणं केव्हा बंद पडलं, हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका रविवारी सकाळी तिने पैंजण काढलं आणि पाय पुढे केला.

"मम्मी, हे देख. वळ जातच नही."

घोट्याभोवती पैंजणाच्या कड्यांची सगळी नक्षी उमटली होती. पुष्पाबाईंनी बोट फिरवलं. मनात कुठेतरी टोचलं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात डॉक्टर जागृती होत्या. रेल्वेतल्या गँगमनची लेक, याच वस्तीत वाढलेली. त्यांना एकदा पाय दाखवावा, असं पुष्पाबाईंनी ठरवलं. सोमवारी जायचं.

*

पण सोमवारच्या आधी रविवारची दुपार होती, आणि त्या दुपारी शालिग्राम सर चिंचेखाली आले.

सर मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी बरोबर सुताच्या दुकानातली सरकारी छापाची वजनं आणली होती.

"दांडीत खोट आहे," त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. "एक बाजू आखूड, एक लांब. पारडी बदला, माझी वजनं घाला. आत्ता कळेल."

बापू हसले. "बदला, मास्तर. मी दूर बसतो."

पारडी बदलली. सरांची वजनं चढली. निंबा पुन्हा बसला.  काटा हलला, डुलला आणि आधी जिथे थांबला होता तिथेच थांबला.

तराजू खरा होता.

सरांनी दांडी तपासली. खिळा तपासला. दोरी मोजली. कानापर्यंत लाल झाले.

"सर, आता तुम्ही बसा!" कोणीतरी ओरडलं. "अक्कल किती भरते बघू!"

"राहू द्या रे," बापू म्हणाले. "फार शिकलं की माणूस हलका होतो. मास्तर पारड्यात टिकणार नाहीत, उडून जातील."

हसण्याचा लोट उठला. पुष्पाबाईही हसल्या. तराजू खरा, वजन खरं, म्हणजे बापू खरे! मनातलं टोचणं विरघळून गेलं. सोमवार आला आणि गेला. दवाखान्यात कोणी गेलं नाही.

*

इथे वाचणाऱ्याने पुस्तक मांडीवर ठेवावं. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठा दाबून धरावा. मग उचलावा. कातडी लगेच वर आली पाहिजे.

नवागामात कोणालाही हे येत होतं. अंगठे होते, नडग्या होत्या. सगळे तराजूकडे बघत होते.

*

हळद लागली. पिवळ्या तोंडाने योगिता पाटावर बसली. पुष्पाबाईंनी भस्माची पुडी पदराच्या गाठीत बांधून टाकली. आता लग्न होईपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या.

"नवरीचं असंच होतं," मावशी म्हणाली. "मला तर घोडा दारात आला तरी मळमळत होतं. आणि तुमचे काका घोड्यापेक्षा बरे दिसत नव्हते." सगळ्या हसल्या.

योगिता हसली नाही. भिंतीला पाठ लावून ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, थोडं भस्म दे ना व. ते लिधं का बरं वाटस."

"हळद लागनी ना आते. रीत मोडू नही."

"चिमूटभर."

"नही म्हणजे नही. लगीन जयं का देसू."

योगिताने पुन्हा मागितलं नाही. शहाणी पोर होती.

लग्नाच्या सकाळी भागीरथी चुडा घेऊन आली. पंजा हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं, हात गार आहे. योगिता तिच्या मांडीवर कलंडली. बांगड्या फरशीवर फुटल्या. मांडवातून हिलाल धावत आला. त्याने लेकीला उचललं, रिक्षात घातलं. पुष्पाबाई मागे, अनवाणी.

डॉक्टर जागृतींनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, छाती दाबत राहिल्या. नाडी हाताला लागली नाही. अंगावरची हळद त्यांच्या तळव्यांना लागली.

*

"ही काय घेत होती?"

पुष्पाबाईंनी पदराची गाठ सोडली. "हळद लागल्यापासून बंद केलं होतं. रीत आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी भस्म हातावर घेतलं, राखेतले पांढरे कण बोटाने चोळून पाहिले. योगिताच्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं, काडीसारख्या दंडांकडे पाहिलं. मग त्या पुष्पाबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या.

"मावशी, राखेत गोळ्या कुटून घातल्यात. दम्याला, सांध्यांच्या सुजेला देतात त्या, स्टिरॉइडच्या. नीट मोजून दिल्या तर माणूस वाचतो. अशा मुठीने दिल्या तर भूक भडकते, तोंड सुजतं, अंगात पाणी साचतं. तुम्हाला वाटलं पोर भरली. ती सुजली होती."

पुष्पाबाई पदराचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आणि आपलं शरीर असाच एक रस स्वतः तयार करतं. त्यावर माणूस उभा राहतो. बाहेरून आयता मिळू लागला की शरीर आपला कारखाना बंद करून टाकतं. मग बाहेरचं एकाएकी बंद झालं, तर आत काहीच नसतं."

 बाहेर हिलाल भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

"बेटा," पुष्पाबाई म्हणाल्या, "तिनं मागितलं होतं. चिमूटभर. मी दिलं असतं तर?"

डॉक्टर जागृतींनी त्यांचा हात धरला. खोटं सांगणं सोपं होतं.

"कदाचित दवाखान्यात आणण्याइतका वेळ मिळाला असता," त्या म्हणाल्या. "पण मावशी, तुम्ही फक्त रीत पाळत होतात ना? तुम्हाला माहीत नव्हतं."

माहीत नव्हतं. हे शब्द पुष्पाबाई घरी घेऊन गेल्या. घरात मांडव अजून तसाच होता.

*

रविवारी चिंचेखाली पुन्हा गर्दी होती. बापू म्हणत होते, "नवरीला जाताजाता नजर लागली. भोक पुन्हा फुटलं."

डॉक्टर जागृती आणि शालिग्राम सर गर्दीतून पुढे आले. मागे पुष्पाबाई.

"मास्तर, पुन्हा दांडी मोजायला आलात?" कोणीतरी टोमणा मारला.

"नाही," सर म्हणाले. "त्या दिवशी मी काटा तपासला. तपासायचा होता माणूस."

डॉक्टरांनी निंबाला बसवलं, त्याचा पायजमा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला.

खळगा तसाच राहिला. अख्खा अंगठा मावेल एवढा.

गर्दी वाकून बघू लागली. पुढची बाई पुटपुटली, "व माय, कणीक जशी!"

"हे मांस नाही, ही ताकद नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे पाणी आहे. तराजूला दोन्ही सारखंच. तराजू खरं बोलला, फक्त त्याला हे विचारलंच नव्हतं."

तोवर पोरांनी बापूंच्या चिंचेमागच्या खोपटाचं फळकूट ढकललं होतं. आत खलबत्ता, राखेचा डबा आणि गोळ्यांच्या चकचकीत पाकिटांचा ढीग. बापू मागच्या बाजूने पळू लागले; हिलालने त्यांची कफनी धरली. मारलं नाही. पोलीस येईपर्यंत नुसती धरून ठेवली, आणि सगळा वेळ तो रडत होता.

मग गर्दी उसळली. "फेका! गटारात फेका भस्म!" पदरांच्या गाठी सुटल्या, पुड्या वर झाल्या.

"फेकू नका!"

पुष्पाबाई पारड्यावर चढून उभ्या होत्या. तराजू एका बाजूला कलला होता.

"फेकू नका रे! जे खातायत त्यांनी एकदम बंद करू नका. माझ्या पोरीचं मी बंद केलं." त्यांना दम लागला. "उद्या दवाखान्यात या. ही डॉक्टरीण हळूहळू सोडवेल. आजची पुडी सांभाळा, तिला दाखवा."

लोक थबकले. बुवाच्या भस्मासाठी हात जोडणारी ही बाई वेडी झाली असं काहींना वाटलं. मग निंबाने आपली पुडी मुकाट्याने खिशात घातली. दुसऱ्यानेही घातली.

"आणि बायांनो," पुष्पाबाई म्हणाल्या, आता हळू, "पोरीचा हात दाबून बघू नका. तिला विचारा. जिना चढतेस का? झोप लागते का? गाणं म्हणतेस का? माझी म्हणायची. मी तिचं हाड मोजत बसले."

*

सुपारी फुटण्याच्या, पेढ्यांच्या, पहिल्या पुडीच्याही आधी, त्या वर्षीच्या मे महिन्यात गावाहून परतताना योगिता स्टेशनवरच्या यंत्रावर चढली होती. तिकिटावर सत्तेचाळीस किलो आलं होतं. तिच्या उंचीला तेवढंच वजन हवं होतं.