पळपुटा

हॉलमध्ये दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि एव्हरेट लिंडक्विस्ट घड्याळाकडे बघत होता. तीस वर्षांत अकरा पुस्तकं, सगळी हातोहात खपलेली. इतिहास सांगावा तर यानेच, असं अर्धी अमेरिका म्हणायची. त्यालाही ते खरं वाटायचं, काल सकाळपर्यंत.

काल पहिल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं तपासताना तो जुन्या रोजनिशीतल्या एका ओळीवर अडला: 'दहावा महिना. केलेब यार्नल भावाकडे निघून गेला.' एवढ्यावरून त्याने गिरणीवाल्या केलेबला ऑक्टोबरमध्ये गावाला आग लागली तेव्हा पळालेला ठरवलं होतं. प्रकरणाचं नावच 'पळपुटा'. पण रोजनिशी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या माणसाची, १७४७ सालची. ती मंडळी महिन्यांना नुसते आकडे देत आणि तेव्हा त्यांचं वर्ष मार्चला सुरू होई. दहावा म्हणजे डिसेंबर! आगीनंतरही केलेब दोन महिने गावातच होता. अभ्यासक म्हणवणाऱ्याने हे विसरावं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"पाचला छपाई सुरू होतेय," संपादिका जॉइस कानाशी कुजबुजली. "कधीचा मेलेला माणूस तो! त्याच्यापायी स्वतःचं हसं करून घेणार?"

"थांबव म्हटलं तर?"

"तर लोक विचारतील, बाकीच्या दहांत काय काय घोळ आहेत? काय सांगू त्यांना?"

साडेचार वाजले होते. सहीसाठी रांग लागली.

सत्तरीच्या एका बाईने जीर्ण झालेली प्रत पुढे सरकवली. "नाव घाला, रूथ यार्नल."

पेन थबकलं. "यार्नल? म्हणजे गिरणीवाले?"

"त्यांचेच आम्ही. शाळेत माझ्या पोराला पळपुट्या म्हणूनच हाक मारायचे."

जॉइसने त्याचा खांदा घट्ट दाबला. एव्हरेटने ते प्रकरण उघडलं, मथळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'दहावा महिना म्हणजे डिसेंबर. केलेब पळाला नव्हता. चूक माझी.'

"जॉइस, छपाई थांबव," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. जिवाला बरं वाटलं.

रूथने ती ओळ दोनदा वाचली. "माझ्या वडिलांनी हेच कळवलं होतं तुम्हाला. बावीस वर्षं झाली."

"मला? शक्यच नाही."

तिने पुस्तकात खुणेला ठेवलेलं, वडिलांना तेव्हा उत्तरादाखल आलेलं कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. 'आपल्या प्रेमळ पत्राबद्दल आभार', असं त्यावर छापलेलं होतं. खाली त्याचीच सही होती.