पुलाचा कठडा

आमच्या आळीतून बाहेर पडायला एकच वाट, खाडीवरचा छोटा पूल. उधाणात तो पाण्याखाली जातो, नुसता कठडा वर राहतो. कठडा धरूनच माणसं पलीकडे जातात.

पालघरच्या सरकारी कचेरीतून चारुता नावाची पोरगी आली होती. वादळ आलं तर आमच्या दांडी गावातलं काय टिकेल, काय कोसळेल ते बघायला. समाजमंदिराचं छप्पर, विजेचे खांब, पाण्याची टाकी. गावातल्या बायांची पुढारी मी, म्हणून मीच तिला फिरवत होते. शाळा माझी दुसरीत सुटली, पण बोलायला मला कोणाची उसनवारी लागत नाही.

पुलाच्या एका बाजूचा कठडा दिवाळीपासून नाही. कुठे गेला, असं तिने विचारलं, तेवढ्यात कैलास गाडा ढकलत आला. हा लातूरकडचा. बोईसरला खोली घेऊन राहतो, गावोगाव भंगार घेतो.

"विचार याला," पुलावर जमलेल्या सगळ्या बायांसमोर मी म्हटलं. "आमचा पूल किलोवर विकून बसलाय."

बाया हसल्या. कैलास म्हणाला, आजी, दिलेलं तेवढंच मी नेतो.

"चोर विचारून नेतो काय रं? परत आळीत दिसलास तर गाड्यासकट खाडीत लोटीन."

त्याने रिकामा गाडा वळवला. मी पदर खोचून पुढे निघाले.

कठडा नाही तर हा पूल सुटकेची वाट म्हणून धरता येणार नाही, असं चारुता सांगत होती. मी तिला पाणी प्यायला घरी नेलं. खरं तर बोंबील वाळत घालायची माझी नवी वलांडी तिला दाखवायची होती. बांबूची दरसाल वाऱ्याने आडवी व्हायची. यंदा धर्मेशने, माझ्या मुलाने, लोखंडी पाईपांची उभी केली.

"लिव तुझ्या कागदावर," मी म्हटलं. "वादळ आलं तरी ही हलायची नाय."

तिने बोंबलांची माळ जरा बाजूला सारली. मागे पाईपावर पिवळे-काळे पट्टे होते. पुलावर उरलेल्या कठड्याला आहेत तसेच.

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघत ती पाणी प्यायली. काही बोलली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं.

धर्मेश ओट्यावर जाळं सांधत होता. मी पट्ट्यांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघितलं.

"बांबू सडले म्हणून तूच तर रोज बोंबलत होतीस, आये," तो म्हणाला. "काळोख पडू दे. गुपचूप लावून येतो."

कुडाच्या कुंपणापलीकडे त्याच मघाच्या बाया उभ्या होत्या. आता कोणी हसत नव्हतं.

मी बोंबील उतरवायला लागले. अर्धे ओलेच होते.

"काळोखात नाय. आताच. एक टोक तू घे, एक मी घेते."

वलांडी सोडवली आणि भर उन्हात पाईप खांद्यावर घेऊन आम्ही आळीतून गेलो. पुलापलीकडे कैलास गाड्याला टेकून बसला होता. पाईप बघून उठला. मी माझं टोक खाली टेकवलं.

"कैलासभाऊ, चोर माझ्याच घरचा निघाला. गाडा आत आण."

"नको आजी. हितंच बरं हाय," म्हणून तो बोईसरच्या रस्त्याला लागला.

धर्मेश वेल्डरला आणायला गेला. तो येईस्तोवर मी एक पाईप उभा धरून पुलाच्या कडेला उभी राहिले. येणारी-जाणारी माणसं दुसऱ्या बाजूने गेली.