मराठी कळणाऱ्या गाई

पोंगलच्या आधीच्या आठवड्यात विद्यालक्ष्मीचा फोन आला. "शनिवारी शेतावर ये, एक रात्र राहा," एवढंच म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. अंबत्तूरच्या ऑफिसात आम्ही नऊ वर्षं शेजारी बसलो होतो. मी कराडहून चेन्नईला आलेली, ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं जुन्या वळणाचं मराठी ऐकूनच आमची ओळख झाली. पुढे तिचा नवरा मुरली, तोही तसल्याच मराठी घरातला, ओरगडमच्या कारखान्यातली नोकरी सोडून उत्तिरमेरूरजवळ गाई पाळायला लागला आणि तीही त्याच्यामागून गेली. गेल्या जूनमध्ये मुरली हृदयविकारानं गेला. त्यानंतर मी एकदाच जाऊन आले होते.

शनिवारी दुपारी पोहोचले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. डिसेंबरच्या पावसाचं पाणी अजून बांधांना लागून साचलेलं होतं. विद्या फार वाळली होती. गोठ्यात चार गाई होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, फोटो काढले आणि शहरातून आलेली माणसं बोलतात तसं बोलत सुटले.

"किती शांत आहे गं इथे. मुरलीनं तुझ्यासाठी केवढं करून ठेवलंय."

ती शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडे गेली.

संध्याकाळी ती धार काढायला बसली. मनगटाला पट्टा बांधलेला होता. थोडं पिळून झालं की थांबायची, बोटं झाडायची, पुन्हा सडाला हात घालायची. हे काम नारायणस्वामी नावाचा म्हातारा गडी करायचा, ते मला आठवलं.

"तो कुठे गेला?"

"लेकीकडे, कायमचा. गुडघे गेले त्याचे." मग गाईच्या पोटाला डोकं टेकवून तशीच म्हणाली, "उद्या सकाळी टेम्पो यायचा आहे. चारी गाई विकल्या मी. तिंडिवनमचा एक माणूस नेतोय."

"मग फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू मज समजावत बसली असतीस. समजावणं नक्को होतं. एकटीच्यानं ते बघवलं नसतं, म्हणून बोलावलं."

दुपारभर मी काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली.

जेवायला बसलो तेव्हा ती आपणहून बोलली. "खरं सांगू? मज गाई कधी आवडल्याच नाहीत. भ्या वाटायचं. तो होता तोवर मी गोठ्यात पाऊल टाकत नव्हते. त्यावरून किती भांडलो. तो गेला त्या सकाळीही भांडलोच होतो. म्हणून हे सात महिने काढले. आता हात चालेनात."

सकाळी धुकं होतं. विद्यानं गाईंना पाणी पाजलं, अंगावरून ओलं फडकं फिरवलं. आठच्या सुमाराला टेम्पो आला. तीन गाई फळीवरून मुकाट वर चढल्या. चौथी करुप्पी, सगळ्यांत म्हातारी, काळी. ती फळीपाशी पाय रोवून उभी राहिली. घेणारा माणूस पुढून दावं ओढत होता, ड्रायव्हर मागून ढकलत होता. मग त्यानं तिची शेपटी पिरगाळली.

"मारू नका," विद्या तमिळमध्ये म्हणाली. माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "तिला त्यांचं बोलणं कळत नाही. मुरली गाईंशी मराठीच बोलायचा. म्हणायचा, आपल्यामागे घरात कोण बोलणार, यांना तरी शिकवू."

मग ती स्वतः टेम्पोत चढली. आतून, आवाज जरासा जाड करून, तिनं हाक मारली, "ये गे बाई, ये. ये, पाणी पी."

गाईचे कान वळले. एक पाय फळीवर आला, मग दुसरा. वर येऊन तिनं विद्याच्या हाताशी तोंड नेलं. हातात काही नव्हतं. खाली उभ्या माणसानं मागचा दांडा घाईनं लावला आणि विद्या बाजूच्या फळीवरून उतरली.

"काय म्हणालात तुम्ही?" घेणाऱ्या माणसानं विचारलं. तिनं त्याला ते शब्द सांगितले. त्यानं ते चुकीचे उच्चारले. तिनं पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदाही सांगितले, मग मान हलवून जा म्हटलं.

टेम्पो गेल्यावर आम्ही दोघींनी गोठा धुतला. उरलेली पेंड तिनं शेजारच्या घरी नेऊन दिली. दुपारी मी तिला माझ्याबरोबर चेन्नईला चल म्हटलं, तर वाद न घालता पिशवी भरून आली.

गाडीनं ओरगडम मागे टाकलं. मग काचेतून बाहेर बघत विद्या म्हणाली, "तो असता तर मज माफ केलं असतं का?"

"केलं असतं," मी म्हटलं.

"तू त्याला ओळखत नव्हतीस," विद्या म्हणाली.