चिनी उस्तादाचा सहावा वार

केळीच्या खांबावरून तलवार गेली. वरचा तुकडा क्षणभर जागच्या जागी उभा राहिला आणि मग, जणू आत्ताच कळल्यासारखा, हलकेच कलंडला. डोळखांबच्या वरच्या अंगाला, रानाच्या कुशीतल्या त्या पाड्यावर शे-सव्वाशे माणसे दाटीने बसली होती. त्यांतल्या एकाचाही श्वास ऐकू आला नाही.

तलवार धरलेल्या माणसाने खांबाचे ठिबकणारे पाणी बोटावर घेऊन आभाळाकडे उडवले. अंगात काळा झगा, डोक्याला लाल फडके, आणि छातीवर चहाच्या खोक्यांवर असतात तसल्या चिनी अक्षरांची पट्टी. रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा रानावनांतून चालत परतलेल्यांपैकी तो एक, असे तो स्वतः सांगे. मुरबाडपासून इकडे सगळे त्याला चिनी उस्ताद म्हणत.

"हा पयला वार," तो म्हणाला. "चीन मुलखात हा लेकरंबी मारतात. पण आमचे गुरू, खड्गमहर्षी फोंग-ली! डोंगर असा उंच की ढगाला चढताना धाप लागायची, त्या डोंगरावर एकटे. पयल्या वारानं गवत कापलं. दुसऱ्यानं लाकूड. तिसऱ्यानं लोखंड. चवथ्यानं सावली कापली, मानूस हितं आन सावली तिथं. पाचव्यानं आवाज कापला, तवापासून त्या दरीत पाखरू बोलत नाय. आन सहाव्या वारानं रोग. सातवा वार मरणावर होता. तो त्यांनी कुनाला दिला नाय. सहावा दिला, ह्या हाताला."

मग त्याने सुक्या नावाच्या गड्याला पुढे बसवले. सुक्याला महिनाभर हिवताप येत होता. उस्तादाने 'अंग पवित्र' करण्यासाठी त्याच्या दंडाला ओली हळद फासली, काही अगम्य शब्द पुटपुटले, तलवार गरकन फिरवली आणि दंडावर टेकवली. लाल रेघ उमटली. बायकांनी डोळे मिटले. उस्तादाने ओल्या चिंधीने दंड पुसला. चिंधी लाल झाली, आणि दंडावर ओरखडासुद्धा नव्हता.

"रोग कापला," तो शांतपणे म्हणाला. "कातडी राहिली. मातूर चाळीस दिवस ह्या अंगाला दुसरं लोखंड लागता कामा नये. लागलं तर कापलेला रोग दुप्पट होऊन येतो."

गर्दीच्या मागे, आंब्याला टेकून उभा असलेल्या जयरामने त्या शेवटच्या वाक्यासरशी आपली पेटी जवळ ओढली; तिच्यातली टोचणीही लोखंडाचीच होती.

जयराम सापगावच्या शेतकरी घरातला, तेविसाव्या वर्षातला. लोकल बोर्डाकडून पाडोपाडी हिंडून तो देवी टोचण्याचे काम करी. मुळातच अबोल, कुणाच्या अंगणात शिरण्याआधी बोलायचे वाक्य वाटेत दहादा मनाशी म्हणून पाहणारा. त्याच्या पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या बारीक काचनळ्या होत्या. १९४४ सालच्या फाल्गुनातले ऊन असे होते की दोन दिवसांत त्या नळ्यांतली लस निकामी व्हावी.

खरे सांगायचे तर फोंग-लीची गोष्ट ऐकताना तो क्षणभर सारे विसरला होता. सावली कापणारा तो एकाकी पुरुष, पाखरे न बोलणारी ती दरी. असल्या गोष्टींवर त्याचा लहानपणापासून जीव. म्हणूनच त्याला अधिक वाईट वाटले. इतकी सुंदर गोष्ट, आणि तिच्या पोटात चाळीस दिवसांचा तो काटा.

कारण ओढ्यापलीकडच्या पाड्यावर देवी आल्या होत्या. तिथे ह्या पाड्यावरच्या हौशीची बहीण अंगभर फोडांनी पडली होती. हौशी तिला भेटायला गेली ती आपल्या दोन वर्षांच्या भिमीला कडेवर घेऊन, आणि तीन दिवसांपूर्वी परतली. मावशीने पोरीला मांडीवर घेतले होते. अशा लेकराला चवथा दिवस सरायच्या आत टोचले तर बहुधा वाचते, हे जयरामला वरिष्ठांनी पुन्हा पुन्हा बजावलेले होते. चवथा दिवस उद्या होता.

गर्दी पांगल्यावर त्याने हौशीला गाठले. ती मोळी रचत होती. तिने त्याचे सारे ऐकून घेतले.

"उद्या सकाळी उस्ताद भिमीवर वार मारनार हाय," ती म्हणाली. "तुझ्या टोचनीनं रगत येतं, पोर रडतं, ताप येतो. त्याच्या वारानं काय तरास व्हत नाय. तू सांग, मी कुठं जाऊ?"

दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा देवींनीच गेला होता. ती मूर्ख नव्हती; भ्यालेली होती. भ्यालेल्या माणसाला जो कमी दुखवतो तो खरा वाटतो.  जयराम पेटी उचलून पाड्याचा म्हातारा कारभारी धोंडी याच्या ओट्यावर जाऊन बसला.

धोंडीच्या दाराच्या चौकटीला एक चिंधी लटकत होती. आदल्या दिवशी धोंडीच्या गुडघ्यावर वार झाला होता, त्याचा हा प्रसाद. जयराम सवयीने तिच्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याची पाठ ताठ झाली.

रक्त त्याच्या रोजच्या व्यवहारातले. दिवसाला वीस-पंचवीस दंडांवर तो रक्ताचा थेंब पाहत असे. घटकाभरात त्याला काळसर झाक येते, मग तो तपकिरी होतो, कडक होतो. त्याच्यावर माशी बसते. ही चिंधी कालची होती आणि कुंकवासारखी तांबडी होती. तिच्या कडा पिवळ्या होत्या. तिच्यावर एकही माशी नव्हती. त्याने ती नाकाशी नेली. लोखंडासारखा तो ओळखीचा वास तिला नव्हता. हळदीचा मात्र होता.

अंगणात धोंडीची बहीण गोजर लुगडी धूत होती. पाड्यावरच्या प्रत्येक नवरीला हळद लावायचा मान ह्या म्हातारीचा. जयरामने चाचरत विचारले, "आजी, हळदीचं कापड लाल कशानं होतं गो?"

गोजर हसली. "लगीन नाय ना झालं तुजं. हळदीची लुगडी राखेच्या पान्यात टाकली का तांबडी लाल व्हतात. चुना लागला तरी तसंच. चिंचेच्या पान्यात बुचकळ, पुन्ना पिवळी."

जयरामने चिंधी तिच्यापुढे धरली. गोजरचे हात पाण्यातच थांबले. तिने चिंधीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"आजी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग तिथं बसल्यावर संशय नाही आला?"

तिने हातातले लुगडे पिळून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "धुनं धुताना बघतो ती नजर येगळी, बाबा. देवापुढं बसलो का ती नजर घरी ठेवून येतो."

जयराम म्हणाला की हे तुम्ही सर्वांना सांगा. तिने नकारार्थी मान हलवली. अख्खा पाडा उस्तादाच्या बाजूचा, हातात त्याच्या तलवार, आणि भाऊ तर गुडघा बरा झाला म्हणून गावभर सांगत सुटलेला. तू पुढे हो, म्हणाली, मग बघू.

सकाळी पुन्हा गर्दी जमली. हौशी भिमीला मांडीवर घेऊन मधोमध बसली. पोरगी तलवारीच्या चकाकीकडे पाहून हसत होती. उस्तादाने हळदीची वाटी उचलली. जयरामने रात्रभर घोकलेली वाक्ये एकेक करून त्याच्या डोक्यातून निघून गेली. फक्त पाय तेवढे पुढे गेले.

"पहिला वार माझ्यावर करा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याला तो दुसऱ्यांदा म्हणावा लागला.

उस्तादाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "ह्ये कोन, टोचनी डाक्तर? सुई बोथट झाली काय?" लोक हसले. "तुला कसला रोग रे?"

"भितो मी. माणसांना, गर्दीला. आत्तासुद्धा भितोय. तो रोग कापा."

या वेळी कुणी हसले नाही. उस्ताद वाटी घेऊन पुढे सरकला. जयरामने सदऱ्याची डावी बाही वर केली, कडेला बसलेल्या गोजरच्या हंड्यातले पाणी घेऊन दंड चोळून धुतला आणि म्हणाला, "हळद नको. रोग तलवार कापते, हळद नव्हे. तुम्हीच सांगितलंत."

"हळदीबिगर अंग पवित्र नाय व्हत."

"फोंग-लीच्या डोंगरावर हळद पिकत होती का, उस्ताद?"

गर्दीत खसखस झाली आणि विरली. उस्ताद रागावला. अविश्वासू माणसावर विद्या चालत नाही, असल्या माणसाच्या सावलीने लेकराचा घात होईल, याला आधी पाड्याबाहेर काढा, असे त्याने धोंडीला बजावले. दोन गडी उठलेही. तेवढ्यात हौशी बोलली. तिने भिमीला छातीशी घट्ट धरले होते.

"मार ना त्याला," ती म्हणाली. "माज्या पोरीवर मारनार, मग त्याच्यावर का नाय? मला बघू दे."

आता माघार नव्हती. उस्तादाने तलवार उचलली. जयराम प्रथमच ती इतक्या जवळून पाहत होता. एका बाजूला धार होती, लखलखीत, कालच्या केळीचा चीक अजून तिच्यावर सुकलेला. दुसरी बाजू, तलवारीची पाठ, जाड आणि बोथट होती, आणि तिच्यावर पांढुरकी पुटे चढलेली होती. तलवार हवेत गरकन का फिरते, ते त्याला त्या क्षणी कळले. केळीवर धार पडते, माणसावर पाठ.

त्याने मान वर केली. उस्तादाच्या कपाळावर घाम होता. दोघेही भ्यालेले आहेत हे दोघांनाही दिसले. लाल रेघ तर हवी होती, हळद नव्हती, उरली होती फक्त धार. सगळा पाडा पाहत होता. उस्तादाचे मनगट फिरू लागले, अडले, आणि उलट फिरले.

जयरामला आधी थंडगार वाटले, आणि मग जाळ. रेघ उमटली, तिचे ओघळ झाले, ओघळ कोपराशी पोचले. उस्तादाने चिंधी दाबून पुसले. रक्त पुन्हा आले. पुन्हा पुसले. पुन्हा आले. मातीत थेंब पडत होते आणि तिथे पहिली माशी येऊन बसली.

"रगत पुसलं जात नाय," हौशी हळूच म्हणाली, स्वतःशीच बोलावे तशी. मग तिने भिमीला उचलले आणि चार पावले मागे सरली.

तेव्हा गोजर उठली. एका हातात तिने दारावरची चिंधी घेतली होती, दुसऱ्यात चिंचेच्या पाण्याचा तांब्या. सर्वांदेखत तिने चिंधीवर पाणी ओतले. भावाच्या गुडघ्याचे 'रक्त' बघता बघता पिवळे झाले. मग तिने वाटीतल्या ओल्या हळदीत तळवा बुडवला, सुन्न उभ्या उस्तादाच्या तलवारीच्या पाठीवरून तो फिरवला आणि लोकांपुढे धरला. तळव्यावर चुन्याने लालभडक रेघ उठली होती.

"बायांनो, हे आपलंच धुनं हाय गो," ती म्हणाली.

मग मात्र गलका उठला. सुक्या काठी घेऊन धावला. त्याच्या अंगात अजूनही हिवताप होता. जयराम जखमेवर फडके दाबून मधे उभा राहिला. मारलेत तर हा उद्या दुसऱ्या गावी अंगावरचे वळ दाखवून तपस्वी होईल, असे त्याने विनवून सांगितले. धोंडीने तलवार काढून घेतली. उस्ताद निघाला तेव्हा जयरामने त्याला एकच गोष्ट विचारली: फोंग-लीची गोष्ट आली कुठून?

उस्तादाने डोक्याचे लाल फडके सोडले. "रंगूनच्या गोदीत एक चिनी भटारी होता. भात शिजेपर्यंत सांगायचा. त्यो पन सांगताना म्हनायचा, ही गोष्ट हाय म्हनून." आणि झगा गोळा करून तो मुरबाडच्या वाटेने उतरू लागला.

त्या परमुलखातल्या आचाऱ्याने गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवली होती. ज्याने ऐकली त्याने तिला चुना लावला.

हौशी मात्र अजून दूरच उभी होती. जयराम पेटी घेऊन गेला तेव्हा ती म्हणाली, "त्यो खोटा व्हता, दिसलं. पन म्हनून तू खरा, हे कशावरनं? तुजीबी टोचनी लोखंडाचीच."

प्रश्न रास्त होता, आणि त्या सकाळी पाड्यावर कुणीतरी तो विचारला याचे जयरामला आपली जखम विसरण्याइतके बरे वाटले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," तो म्हणाला. "आधी सांगतो ते ध्यानात धर, आणि ताडून बघ. पोर आत्ता रडेल. तीन दिवस काही दिसणार नाही. मग तिथं पुटकुळी येईल, ताप येईल, आठव्या दिवशी पाण्यानं भरलेला टपोरा फोड होईल. पुढं खपली पडेल आणि वण राहील जन्मभर. ह्यातलं काही चुकलं तर मला तोंडावर विचार. मी आठव्या दिवशी येणार आहे, पळून जाणार नाही."

हौशीने त्याच्या दंडाच्या भिजलेल्या फडक्याकडे पाहिले. मग भिमीची बाही वर केली.

दुपारपर्यंत एकतीस लेकरे टोचून झाली. नळ्या संपल्या.

ज्यांच्या अंगणात अजून असले उस्ताद येतात, त्यांना एवढेच सांगायचे. तलवारींच्या, डोंगरांच्या, महर्षींच्या गोष्टी जरूर ऐका. त्यांच्यावाचून आयुष्य फार उदास होईल. पण लेकराचा दंड पुढे करण्याआधी धुणे धुतानाची ती नजर सोबत घेऊन या. जो म्हणतो 'विचारू नका', त्याला आधी विचारा. आणि जो म्हणतो 'ताडून बघा', त्यालाही ताडून बघितल्याशिवाय सोडू नका.

आठव्या दिवशी जयराम पाड्यावर पोचला तेव्हा हौशी वाटेवरच उभी होती. ओढ्यापलीकडची तिची बहीण देवींनी दगावली होती. हौशीचे डोळे रडून सुजलेले होते. तिने भिमीचा दंड उन्हात धरला. मोत्यासारखा टपोरा फोड होता, आणि बाकी अंग स्वच्छ.

"सांगितलंस तसंच झालं," ती म्हणाली. "आता ह्याच्या पुढं काय व्हनार, ते सांग. मी बघते."