तिरक्या टेबलावरचा वर्ग

ग्रिगोरी पेत्रोविचच्या स्वयंपाकघरात कपातला चहा एका कडेला वर असायचा आणि समोरच्या कडेला खाली. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. अर्थात चहा सपाटच होता. तिरका होता तो कप, कपाखालचं टेबल आणि टेबलाखालचं घर. तिघेही नदीकडे कलले होते. दर शनिवारी मला तीच खुर्ची आणि तोच निळा कप मिळायचा. मे महिन्यापर्यंत फरक चार मिलिमीटरवर आला होता. हे मी कुणाला बोलले नव्हते.

मी मातीची इंजिनियर. पुण्याहून शिष्यवृत्तीवर मॉस्कोला शिकायला गेले, म्हणून रशियन येतं. भूकंपानंतर न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला नोकरी मिळाली. तिथल्या रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानात लारिसा नावाची एक बाई लापशीसाठी कुट्टूचे दाणे शोधत होती. मी तिला रशियनमध्ये उत्तर दिलं, आणि त्यातून हा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. आधी तो वाचनालयात भरायचा. वाचनालय बंद पडल्यावर ग्रिगोरी पेत्रोविच म्हणाला, "आमच्याकडे या. आमचं टेबल अजून चार पायांवर उभं आहे."

विद्यार्थी तिघेच. लारिसा सलूनमध्ये केस कापायची. ग्रिगोरी लिटलटन बंदरात येणाऱ्या मासेमारी जहाजांवर इंजिनियर होता, आता निवृत्त. तिसरी त्याची बायको वालेंतिना; तो तिला लाडाने वाल्या म्हणायचा. तिघं मला सुनेत्रा विश्वनाथोव्ना म्हणायचे. वडिलांचं नाव जोडल्याशिवाय हाक मारणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

आठवडाभरात कानावर पडलेला एकेक वाक्प्रचार प्रत्येकाने आणायचा. मी शब्दशः अर्थ सांगायचे, मग खरा अर्थ, मग कोण कुणाशी असं बोलतं ते. शेवटी प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत म्हणायचं. नियम एकच होता: बोलणाऱ्याचं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. हा नियम मी ग्रिगोरीसाठीच केला होता. तो बायकोचं कुठलंच वाक्य संपू द्यायचा नाही.

त्या शनिवारी सुरुवात लारिसाने केली. "एक गिऱ्हाईक म्हणालं, 'आय ॲम अंडर द वेदर.' मी म्हटलं, मग आम्ही काय वेदरच्या वर बसलोय?"

"म्हणजे बरं वाटत नाही," मी सांगितलं.

"मग तसं सांगावं की! मी त्याचं टक्कल झाकायचं का ताप बघायचा?"

ग्रिगोरी मोठ्याने हसला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "आता माझा. परवा सरकारी माणूस आला होता. मी त्याला सगळं दाखवलं. न्हाणीघर दाखवलं. म्हटलं, आम्हाला इथेच राहू द्या. जाताना म्हणाला, 'लीव्ह इट विथ मी.' म्हणजे काम झालं ना?"

वालेंतिना पाव कापत होती. तिचा हात थांबला.

या घराचं काय होणार हे खरं तर ठरलेलं होतं. नदीकाठची ती सगळी गल्ली सरकारने लाल पट्ट्यात टाकली होती. सरकार घर विकत घेणार आणि पाडणार. हो म्हणायची मुदत महिनाअखेरपर्यंत. शेजारी केव्हाच गेले होते. रात्री रस्त्यावर दिवा नव्हता, आणि संडासाची नळी भूकंपात तुटली ती तुटलीच. वालेंतिनाला मुलाकडे पर्थला जायचं होतं. ग्रिगोरीला हलायचं नव्हतं. परसात त्याने स्वतःच्या हातांनी लाकडी न्हाणीघर बांधलं होतं, वाफेचं, त्यांच्या गावाकडे असतं तसं. घर कललं तरी ते सरळ उभं होतं. त्यावरून त्याने जमीन चांगली ठरवली होती.

"शब्दशः अर्थ, 'हे माझ्याकडे सोडा'," मी म्हणाले. "मी बघतो, असा."

"बघतो! ऐकलंस वाल्या?"

"पण बहुतेक वेळा बोलणं संपवायला असं म्हणतात," मी पुढे म्हणाले. "काम होईलच असं त्यात काही नसतं."

मराठीत तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते मला आठवलं. रशियनमध्ये तितकं नेमकं काही सुचेना.

"सुनेत्रा विश्वनाथोव्ना, मी आयुष्यभर नकार ऐकले आहेत. आमच्याकडे नकार देणारा माणूस कचेरीची खिडकी आपटून बंद करतो. हा माणूस माझ्या टेबलाशी बसला. दोन बिस्किटं खाल्ली. कुत्र्याचं नाव विचारलं!"

"इथे नकार देणारेही बिस्किटं खातात."

"कशाला मग?"

"तुम्ही दिलीत म्हणून."

लारिसा हसली. तो हसला नाही. "बरं, तुम्ही मातीच्या डॉक्टर. तुम्ही सांगा. न्हाणीघर सरळ आहे की नाही?"

"सरळ आहे. कारण ते हलकं आहे. खाली वाळू आहे आणि हातभर खोलीवर पाणी. हादरा बसला की वाळू पातळ होते. घर जड आहे, ते बसत चाललंय."

"आमच्या मागादानला अख्खं शहर गोठलेल्या जमिनीवर उभं आहे."

"ती वितळत नाही तोवर."

"झालं! बाई आहेत का हवामान खातं," तो म्हणाला आणि स्वतःच्या कपात साखर ढवळू लागला. मग अगदी हळू म्हणाला, "'शी'ल बी राइट.' सगळं ठीक होईल. हा मी आधीच शिकलोय."

वालेंतिना उठली. मागच्या खोलीतून तिने रासायनिक संडासाची पेटी उचलून आणली. ती भरली की कोपऱ्यावरच्या टाकीत रिकामी करावी लागे. सत्तरीची बाई ते ओझं दोन्ही हातांनी पोटाशी धरून निघाली. ग्रिगोरीची कंबर गेलेली, त्यामुळे हे काम तिचंच. मी मागोमाग गेले आणि एका बाजूची मूठ धरली.

भूकंपात जमिनीतून वर आलेला राखाडी गाळ रस्त्यावर वाळून त्याची धूळ झाली होती. ती खोकत होती. टाकीचं झाकण मी उघडून धरलं.

"सुनेत्रोच्का," ती म्हणाली. आम्ही दोघीच असलो की ती मला लाडाने असं म्हणायची. "तो माणूस परत येणार नाही ना?"

"नाही."

"मला माहीत होतं. मी दाराशीच होते." तिने पेटी रिकामी केली आणि नळाखाली धरली. "कोस्त्या दर रविवारी फोनवर विचारतो, बाबांशी बोललीस का. वर्ष झालं. मी तोंड उघडते, ग्रिशा म्हणतो, वाल्या, आता नको. रशियनमध्ये त्याच्याकडे माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा सराव आहे."

"आणि ते तुमच्याबरोबर पर्थला आले नाहीत तर?"

"येणार नाहीच. ते न्हाणीघर सोडून तो कुठे जाणार?" तिने हात ॲप्रनला पुसले. "एकटा इथे फार दिवस टिकणारही नाही. तेही मला माहीत आहे. पण मी राहिले तर मीही टिकत नाही."

मी टाकीचं झाकण लावलं. ती सांगत होती त्यात चूक काहीच नव्हतं.

आम्ही आत आलो तेव्हा ग्रिगोरीने माझा चहा बदलला होता. नवीन चहाही नदीकडच्या कडेलाच वर होता. शेवटच्या वाक्यांची वेळ झाली होती. लारिसाने आजारी गिऱ्हाइकाचं वाक्य केलं, नीट केलं. ग्रिगोरी उभा राहिला आणि म्हणाला की सरकारी माणसाने 'लीव्ह इट विथ मी' म्हटलं आहे, आणि मी वाट बघतो आहे. व्याकरण बरोबर होतं. मी मान हलवली.

"वालेंतिना?"

तिने सुरी बाजूला ठेवली, पण बसली नाही. इंग्रजी बोलताना ती प्रत्येक शब्द वेगळा ठेवायची, कपबश्या मांडाव्यात तशी.

"ग्रिशा," तिने इंग्रजीत सुरू केलं.

"नवऱ्याला वाक्यात घेतलं!" तो रशियनमध्ये म्हणाला. "वाल्या, आता कशाला..."

"ग्रिगोरी पेत्रोविच," मी म्हणाले, "नियम."

त्याने दोन्ही हात वर केले आणि गप्प बसला. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. वर्गात तो नियम पाळायचा. लारिसा खिडकीबाहेर बघू लागली.

वालेंतिनाने त्यात एकही वाक्प्रचार वापरला नाही. "मी या महिन्याच्या शेवटी पर्थला जाते आहे. तिकीट कोस्त्याने काढलं आहे. तू ये किंवा राहा. मी परत येणार नाही."